आजाऱ्याचा हक

जुम्याची नमाज संपते. सलाम फिरवून होताच पेशइमाम सांगतात, "जमातीतल्या एका भावाचे ऑपरेशन आहे. दारात चादर धरली आहे. अल्लाहच्या वास्ते मदत करावी." बाहेर पडताना दिसते, दोन तरुण चादरीची टोके धरून उभे आहेत. दहाच्या, वीसच्या नोटा पडतात. एखादी पाचशेची पडते. मुंब्रा-कौशात, कल्याणच्या जुन्या मोहल्ल्यांत, भिवंडीत हे दृश्य कुणालाच नवे नाही. आजारी माणूस मात्र तिथे नसतो. तो कुठल्या तरी इस्पितळात पडलेला असतो आणि त्याचा मुलगा किंवा भाऊ खाली मान घालून चादरीजवळ उभा असतो.

उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांच्या वाट्याला या चादरीच्या आधीचे एक काम येते. पालकांना उर्दू वाचता येते, पण सरकारी कागद मराठीत असतो. मग मधल्या सुट्टीत कुणीतरी पिशवीतून रेशनकार्ड, केसपेपर, तपासणीचे अहवाल काढून टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, "सर, जरा अर्ज लिहून द्या." बी.एड.ला आम्ही अर्जलेखन कसे शिकवावे हे शिकलो होतो. पण "मी अत्यंत गरीब असून माझ्यावर दया करावी" हे वाक्य आयुष्यात इतक्या वेळा लिहावे लागेल असे तेव्हा वाटले नव्हते. हे वाक्य लिहिणे बरोबर आहे का, हा प्रश्नही कित्येक वर्षे आमच्या मनात आला नाही. तो कसा आला, ते आधी सांगतो.

२०१९ च्या रमजानमधली गोष्ट. आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील रिक्षा चालवतात. तरावीहनंतर त्यांच्या छातीत दुखू लागले. घरच्यांनी त्यांना जवळच्या एका खासगी इस्पितळात नेले. त्या इस्पितळाच्या दारावर सरकारी योजनेचा फलक होता आणि त्यांच्याकडे केशरी रेशनकार्डही होते. काउंटरवर उत्तर मिळाले, "योजनेची खाट रिकामी नाही. पन्नास हजार डिपॉझिट भरा, लगेच घेतो." मुलाने रात्री साडेअकराला आम्हाला फोन केला. आम्ही मोहल्ल्यातील बैतुलमाल कमिटीच्या दोघांना उठवले. जकातीचे पैसे हक्कदाराच्या मालकीचे व्हायला हवेत, म्हणून रक्कम आधी त्यांच्या पत्नीच्या हातात दिली आणि त्यांनी ती भरली. अँजिओप्लास्टी झाली. सगळे मिळून एक लाख साठ हजार खर्च आला आणि जकात फंडातून तो भागला. ईदच्या दिवशी ते भाई आम्हाला भेटायला आले आणि गळ्यात पडून रडले. आम्हालाही समाधान वाटले, खोटे कशाला बोलावे?

ईदनंतर आमचे एक निवृत्त मुख्याध्यापक भेटले. आम्ही त्यांना मोठ्या उत्साहाने सगळे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "त्या माणसाला त्या रात्री कार्डावर फुकट उपचार मिळायला हवे होते की नाही?"

"हवे होते, जनाब."

"मग तुम्ही काय केलेत? माणूस वाचवलात, त्याचा अजर तुम्हाला मिळेल. पण जो त्याचा हक होता, तो तुम्ही गरिबांच्या जकातीतून विकत घेतलात आणि त्यालाच खैरात म्हणून दिलात. इस्पितळाला आता एक गोष्ट कळली, की या वस्तीतल्या माणसाला नाही म्हटले तरी मशिदीतून पैसे येतात."

आम्ही गप्प झालो. राग आला होता, हेही खरे. रात्री साडेअकराला हकाची चर्चा करत बसायचे होते का? पण त्यांचे म्हणणे मनातून गेले नाही. त्याच महिन्यात घडलेल्या दुसऱ्या एका गोष्टीने ते अधिकच रुतले.

आमच्या गल्लीत एक खाला राहतात. विधवा आहेत, घरी बसून खोट्या दागिन्यांचे मणी ओवतात. त्यांना साखरेचा आजार आहे. सरकारी दवाखान्यात इन्सुलिन कधी मिळे, कधी "बाहेरून आणा" असे उत्तर मिळे. तिथे जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडे. म्हणून त्या मेडिकलमधून औषध घेत आणि पैसे नसले की मात्रा कमी करत. त्या रमजानच्या शेवटच्या आठवड्यात त्या कमिटीकडे आल्या, तेव्हा फंड संपला होता. "पुढच्या वर्षी बघू, खाला," असे त्यांना सांगितले गेले. सांगणाऱ्यांत आम्हीही होतो. त्या वर्षी पावसाळ्यात त्यांच्या पायाला जखम झाली, ती चिघळली आणि दोन बोटे कापावी लागली. बोटे कापण्याची शस्त्रक्रिया मोफत झाली. ती बोटे वाचवणारे इन्सुलिन मात्र कुठल्याच यादीत नव्हते.

सरकारी आरोग्य विम्यावरचा वाद आम्ही त्यानंतर वेगळ्या नजरेने वाचू लागलो.

महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. गरिबांच्या मोठ्या शस्त्रक्रियांसाठी १९९७ साली जीवनदायी योजना आली. तिच्या जागी २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर पोहोचली. पिवळे आणि केशरी कार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे, ९७२ प्रकारचे उपचार मोफत मिळणार होते. सुरुवातीच्या काळात सरकार दर कुटुंबामागे वर्षाला ३३३ रुपये हप्ता विमा कंपनीला भरत असे. २०१७ साली या योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. २०१८ च्या सप्टेंबरात केंद्राची आयुष्मान भारत योजना आली आणि पुढे दोन्ही योजना एकत्र राबवल्या जाऊ लागल्या. राज्याने जुलै २०२३ मध्ये निर्णय घेतला आणि १ जुलै २०२४ पासून पांढरे कार्डवालेही योजनेत आले. आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे.

सरकार बदलले की नाव बदलते आणि कार्डावरचा फोटो बदलतो. त्यावरून सभांमध्ये भांडणेही होतात. आम्हाला त्यात फारसा रस नाही. मात्र फुल्यांचे नाव घेतले की सावित्रीबाई आठवतात. १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करताना त्या स्वतः गेल्या. आजाऱ्याला उचलण्यापूर्वी त्यांनी त्याच्याकडे कुठला दाखला मागितला नव्हता.

या वादात एक बाजू म्हणते की फुकट दिल्याने लोक आळशी होतात. २०२२ पासून त्यासाठी 'रेवडी' हा शब्द रूढ झाला आहे. पण आजारपण कुणी हौसेने घेत नाही. फुकट अँजिओप्लास्टी मिळते म्हणून कुणी हृदय बिघडवून घेतल्याचे आम्ही ऐकले नाही. शिवाय हा पैसा आहे कुणाचा? मणी ओवणाऱ्या खाला साबण घेतात तेव्हा त्यावर कर भरतात. रिक्षावाला गाडीचा सुटा भाग घेतो तेव्हा कर भरतो. सरकार जो हप्ता भरते त्यात त्यांचाही वाटा असतो. कारखान्यातला कामगार पगारातून कामगार विम्याची वर्गणी देतो आणि ठाण्यात वागळे इस्टेटच्या किंवा उल्हासनगरच्या कामगार इस्पितळात जातो, तेव्हा त्याला कुणी भिकारी म्हणत नाही. मग ज्याची वर्गणी साबणातून आणि गॅरेजच्या बिलातून जाते, त्याला का म्हणावे?

दुसरा आक्षेप आमच्या घरातला आहे. विमा म्हटले की आपल्यातील अनेकांना सूद आठवतो. ही शंका टाकाऊ नाही. इस्लामी देशांच्या संघटनेच्या फिक्ह अकादमीने १९८५ साली व्यापारी विमा नाजायज ठरवला आणि परस्पर सहकार्यावर चालणारा विमा जायज मानला. पण या योजनेत आजारी माणूस कंपनीशी सौदा करत नाही आणि पदरचा हप्ताही भरत नाही. त्याच्याकडून पाहिले तर ही हुकूमतीने आपल्या रयतेला दिलेली मदत आहे. आमच्या पेशइमामांना विचारले, तर त्यांनीही हेच सांगितले. केवळ या शंकेमुळे ज्या घरांनी कार्डच काढले नाही, त्यांनी आपल्या जवळच्या आलिमाला एकदा जरूर विचारावे.

तिसरा आक्षेप आम्हाला सर्वांत वजनदार वाटतो. आरोग्य चळवळीतील अनेक कार्यकर्ते विचारतात, की खासगी इस्पितळांची बिले भरण्याऐवजी सरकार आपली इस्पितळे का सुधारत नाही? कार्ड म्हणजे खाट नव्हे. खासगी इस्पितळांची तक्रार असते की पॅकेजचे दर कमी आहेत आणि पैसे वेळेवर येत नाहीत. मग ती योजनेच्या रुग्णाला टाळतात. इकडे सरकारी आणि पालिकेच्या इस्पितळांवर भार वाढतच जातो. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात चोवीस तासांत अठरा रुग्ण दगावले, तेव्हा सारे राज्य हादरले. मुंब्रा, दिवा, डोंबिवली, कल्याण, भिवंडी, शहापूर, कुठूनही निघालेला गरीब रुग्ण शेवटी कळव्याला पोहोचतो. कितीही मोठ्या रकमेचे कार्ड खिशात असले, तरी तिथली खाट आणि तिथला डॉक्टर त्या कार्डातून उगवत नाहीत.

हा पेच जगाने पाहिलेला आहे. जर्मनीने १८८३ साली कामगारांसाठी सक्तीचा आजारविमा आणला. ब्रिटनने १९४८ साली वेगळी वाट धरली. तिथे सरकारनेच इस्पितळे चालवायला घेतली आणि उपचार करातून द्यायचे ठरवले. आपल्याकडे स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, भोर समितीने सांगितले होते की पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कुणी उपचाराविना राहू नये. मार्ग वेगळे असतील, पण आजाऱ्याने दयेची याचना करू नये ही गोष्ट या सर्वांना मान्य होती.

आमचा दीन याबाबतीत काय शिकवतो? आपण 'जकात दिली' म्हणतो तेव्हा नकळत छाती फुगते. वास्तविक कुरआनच्या शिकवणीनुसार धनवानाच्या मालात मागणाऱ्याचा आणि वंचिताचा हक आहे. म्हणजे देणारा उपकार करत नाही, दुसऱ्याची अमानत परत करतो. हिजरतीनंतर मदिन्यात जो करार झाला, त्यात प्रत्येक कबिल्याने आपल्या माणसावर आलेला दंड आणि खंडणी सर्वांनी मिळून भरावी असे ठरले होते. एकट्यावर कोसळलेले ओझे सर्वांनी वाटून घ्यायचे, ही कल्पना आपल्याला परकी नाही.

हजरत उमर (रजि.) यांचा एक प्रसंग इमाम अबू यूसुफ यांनी नोंदवून ठेवला आहे. एक म्हातारा, आंधळा, गैरमुस्लिम माणूस दारोदार मागत होता. हजरत उमर यांनी त्याला घरी नेऊन जवळचे काही दिले. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी बैतुलमालच्या अधिकाऱ्याला बोलावले, त्या म्हाताऱ्याचा जिझिया माफ करायला लावला आणि त्याच्यासारख्या सगळ्यांची सोय खजिन्यातून करायला सांगितले. म्हणजे त्यांनी दोन कामे केली. माणूस म्हणून घरातून दिले आणि हाकिम म्हणून नियम बदलला. पहिल्या कामाने दुसरे टळत नाही. पुढे १२८४ साली कैरोत सुलतान कलावूनने वक्फमधून मोठा बीमारिस्तान उभारला. गरीब आणि श्रीमंत, पुरुष आणि स्त्री, सर्वांना त्याची दारे खुली होती. तिथे कुणी दारात चादर धरत नव्हते.

आपली राज्यघटनाही याच बाजूची आहे. १९९२ साली पश्चिम बंगालमध्ये एक शेतमजूर रेल्वेगाडीतून पडला. डोक्याला मार लागला होता. एका सरकारी इस्पितळातून दुसऱ्यात असे त्याला फिरवले गेले. खाट नाही हेच उत्तर मिळत राहिले. अखेर त्याला खासगी इस्पितळात पैसे भरावे लागले. त्याची मजूर संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. १९९६ च्या निकालात न्यायालयाने सांगितले, की तातडीचे उपचार वेळेवर न देणे म्हणजे कलम २१ ने दिलेल्या जगण्याच्या हकाचा भंग आहे आणि पैसा नाही ही सबब राज्याला चालणार नाही. सरकारला त्या मजुराला पंचवीस हजार रुपये भरपाई द्यावी लागली. गाडीतून पडणे म्हणजे काय, हे मुंब्रा-दिवा-डोंबिवलीच्या माणसाला सांगावे लागत नाही. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्रा स्थानकाजवळ गर्दीने भरलेल्या लोकलमधून माणसे रुळांवर पडली, तेव्हा त्यांच्या खिशात कुठल्या रंगाचे कार्ड आहे हे कुणी पाहत बसले नाही. बघायचेही नसते.

आता आमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. त्या रात्री आम्ही चुकलो का?

बराच विचार करून आम्ही या निष्कर्षाला आलो आहोत. पन्नास हजार भरले, त्यात चूक नव्हती. दारात जीव जात असताना तत्त्व सांभाळत बसणारा माणूस तत्त्वाचाही नसतो आणि माणसाचाही नसतो. आमची चूक दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. आम्ही सुटलो असे मानून आपापल्या कामाला लागलो. त्या सकाळी योजनेच्या आरोग्यमित्राला गाठायला हवे होते. तातडीच्या रुग्णाला फोनवर मंजुरी घेऊन दाखल करता येते आणि कागद नंतर देता येतात, ही तरतूद दाखवायला हवी होती. नाकारल्याचे लेखी मागायला हवे होते, जिल्ह्याच्या समन्वयकाकडे तक्रार करायला हवी होती. धर्मादाय इस्पितळांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बलांसाठी सवलतीत राखाव्या लागतात, ही मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली लागू केलेली योजना तर आम्हाला माहीतही नव्हती. आम्हाला अर्ज येत होता, पण तो फक्त दयेचा. हकाचा अर्ज आम्ही कधी लिहिलाच नव्हता.

आणि या चुकीची किंमत आम्ही भरली नाही. ती खालांनी भरली. जे एक लाख साठ हजार सरकारी योजनेतून यायचे, ते जकात फंडातून गेले. त्यात त्यांच्या इन्सुलिनची कित्येक वर्षे निघाली असती. आपण जेव्हा सरकारची जबाबदारी आपल्या पैशाने झाकतो, तेव्हा ज्याच्यासाठी सरकारी यादीत काहीच नाही अशा कुणाच्या तरी तोंडचा घास आपण काढून घेतो. उलट बाजूही तितकीच खरी आहे. आता सर्वांना पाच लाखांचे कार्ड मिळाले, मग बैतुलमाल कशाला, असे जे म्हणतात त्यांनी खालांना भेटावे. रोजच्या गोळ्या, इन्सुलिन, कळव्याला जायचे रिक्षाभाडे, बुडालेली मजुरी, आई इस्पितळात असताना घरी राहिलेल्या लेकरांचे जेवण, यांतले काहीच कार्डात बसत नाही. ती जागा जकातीची आहे, सदक्याची आहे, शेजाऱ्याची आहे. कार्डाने आपल्याला या जबाबदारीतून मोकळे केलेले नाही.

एक योगायोग आम्हाला नेहमी विचारात पाडतो. जकात मालाच्या चाळिसाव्या हिश्शाची, म्हणजे अडीच टक्के. आणि २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सरकारने ठरवले होते, की २०२५ पर्यंत आरोग्यावरील सरकारी खर्च देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांपर्यंत न्यायचा. दोन्ही आकड्यांचा एकमेकांशी संबंध नाही. पण जो साहेबे-निसाब आपले अडीच टक्के टाळतो त्याला आपण गुनहगार म्हणतो, आणि सरकार आपले अडीच टक्के टाळते तेव्हा आपण चादर धरून उभे राहतो. दोघांकडेही हिशेब मागण्याची सवय आपल्याला लावून घ्यावी लागेल.

आमच्या कमिटीने आता एक वही घातली आहे. मदत मागायला कुणी आले की पहिला प्रश्न विचारला जातो, "हा आजार योजनेत बसतो का?" बसत असेल तर कमिटीचे दोघे कागद घेऊन त्याच्याबरोबर इस्पितळात जातात आणि हक मिळेपर्यंत हलत नाहीत. बसत नसेल तर जकात फंड. दर वेळी यश येते असे नाही. दोनदा आम्हाला पुन्हा डिपॉझिट भरावे लागले. पण दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी लेखी तक्रार गेली. नववीच्या मुलांना अर्जलेखन शिकवतानाही आम्ही एक बदल केला आहे. "दया करावी" या शब्दांच्या जागी आता ते "नियमानुसार उपचार मिळावेत" असे लिहितात. वर्गातल्या एका मुलाने विचारले, "सर, एवढे कडक लिहिले तर साहेब रागावणार नाहीत?" त्याला आम्ही सांगितले, "हक मागताना आवाज चढवू नये बेटा, पण मानही खाली घालू नये."

खालांचे इन्सुलिन आता दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात घरी पोहोचते. त्या दुआ देतात. ती दुआ घेताना आम्हाला अजून संकोच वाटतो. त्यांची दोन बोटे आमच्या हिशेबात बाकी आहेत.